कोलोरॅडोच्या डोंगरांतून कुटुंबासह आरव्ही सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबा भारतातून आलेले असतात, मुलांच्या शाळा बंद असतात आणि तीन पिढ्यांनी मिळून कुठेतरी डोंगरात जावे, असा विचार निघतो. रोज सामान बांधावे लागत नाही, घरचे जेवण मिळते आणि शौचालय हाताशी असते, म्हणून अशा वेळी आरव्हीचा, म्हणजे चालत्या घराचा, पर्याय पुढे येतो. पुढील उत्तरे डेन्व्हरहून निघून कोलोरॅडोतील रॉकी पर्वतात आठ-दहा दिवस फिरू इच्छिणाऱ्या आणि भाड्याची आरव्ही प्रथमच घेणाऱ्या कुटुंबांसाठी आहेत.

आखणीला सुरुवात कुठून करावी?

मुक्कामांपासून करावी. बहुतेक लोक आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात, मग नकाशावर रेघ ओढतात आणि शेवटी रात्री कुठे थांबायचे ते शोधतात. मोटारीने हॉटेलांत उतरत जाणाऱ्यांना ते चालून जाते. आरव्हीच्या बाबतीत क्रम उलटा ठेवावा लागतो, कारण गाडी उभी करायला जागा, वीज आणि पाणी मिळेल अशी ठिकाणे मोजकी असतात आणि ती आधी भरतात. राष्ट्रीय उद्यानांतील बऱ्याच कॅम्पग्राउंडचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि जुलैमधील शनिवार-रविवारच्या जागा काही मिनिटांत संपतात. म्हणून जुलैची सहल जानेवारीतच ठरवावी.

प्रत्येक मुक्कामापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: त्या ठिकाणाची उंची, तिथे वीज-पाण्याची जोडणी आहे की नाही, आणि आदल्या मुक्कामापासूनचे अंतर. एका दिवसात दीडशे ते दोनशे मैलांहून अधिक अंतर ठेवू नये. नकाशा जिथे चार तास दाखवतो तिथे आरव्हीला पाच ते साडेपाच लागतात, आणि वाटेत मुलांना व वडीलधाऱ्यांना उतरून पाय मोकळे करावेसे वाटतात ते वेगळेच. दर दोन दिवसांनी एक दिवस गाडी अजिबात हलवू नये. सहलीचा खरा आनंद याच न हललेल्या दिवसांत मिळतो, असे आमचे ठाम मत आहे.

कोणत्या महिन्यात जावे?

जूनचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा आहे. त्याआधी उंचावरचे काही रस्ते बर्फामुळे बंद असतात. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातील ट्रेल रिज रोड साधारणपणे मेच्या अखेरीस उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास बंद होतो. सप्टेंबरच्या अखेरीस अ‍ॅस्पेनची झाडे सोनेरी होतात आणि दृश्य अप्रतिम असते, पण रात्री पारा शून्याखाली जाऊ लागतो आणि आरव्हीचे नळ व पाइप गोठण्याची भीती निर्माण होते, म्हणून पहिल्या सहलीसाठी तो काळ टाळावा.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वळवासारखा गडगडाटी पाऊस जवळजवळ रोज होऊ शकतो. उघड्या डोंगरमाथ्यावर विजेचा धोका गंभीर असतो. त्यामुळे वृक्षरेषेच्या, म्हणजे जिथून पुढे झाडे उगवत नाहीत त्या उंचीच्या, वर जायचे असेल तर पहाटे निघून दुपारी बाराच्या आत खाली यावे. हा नियम स्थानिक लोक काटेकोरपणे पाळतात.

किती मोठी गाडी घ्यावी?

भाड्याने मिळणाऱ्या गाड्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. ए क्लास बसच्या आकाराची असते, बी क्लास म्हणजे आतून घर केलेली व्हॅन, आणि सी क्लासमध्ये चालकाच्या डोक्यावर पलंग असतो. चार ते सहा माणसांच्या कुटुंबासाठी २५ फुटांच्या आसपासची सी क्लास पुरेशी होते. ३० फुटी गाडीत मागे स्वतंत्र शयनकक्ष मिळतो आणि आजी-आजोबांची सोय होते, परंतु डोंगरात प्रत्येक जास्तीचा फूट कुठे ना कुठे अडतो.

ही अडचण नियमांतही दिसते. थोडक्यात सांगायचे तर इंडिपेन्डन्स पास या १२,०९५ फुटांवरील घाटात ३५ फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे. मेसा व्हर्दे उद्यानातील वेदरिल मेसाच्या रस्त्यावर २५ फुटांहून लांब वाहन चालत नाही. ब्लॅक कॅन्यन ऑफ द गनिसनमध्ये नदीपर्यंत उतरणारा ईस्ट पोर्टल रस्ता १६ टक्के उताराचा आहे आणि तिथे मर्यादा २२ फुटांची आहे. कॅम्पग्राउंडमधील जागांनाही लांबीची मर्यादा असते आणि आरक्षण करताना गाडीची पूर्ण लांबी, मागच्या बंपरसह, नोंदवावी लागते. तेव्हा आजी-आजोबांची पलंगाची सोय होत असेल तर लहान गाडी निवडावी. होत नसेल तर मोठी घ्यावी आणि अरुंद रस्ते यादीतून काढून टाकावेत.

परवाना आणि विम्याचे काय?

भाड्याच्या नेहमीच्या आरव्हीसाठी मोटारीचा साधा परवाना चालतो. चालकाच्या किमान वयाची अट कंपनीनुसार बदलते. भारतातून आलेल्या मंडळींनी ही गाडी चालवण्याचा आग्रह धरू नये, कारण उजव्या बाजूने चालणारी वाहतूक, गाडीची रुंदी आणि घाट या तिन्ही गोष्टी एकदम नव्या असतात.

विम्याकडे मात्र बारकाईने पाहावे. घरच्या मोटारीचा विमा आणि क्रेडिट कार्डाबरोबर येणारे भाडेवाहनाचे संरक्षण पुष्कळदा आरव्हीला लागू होत नाही. विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे आणि गाडीच्या छताचे व खालच्या भागाचे नुकसान त्यात धरले आहे का, हे मुद्दाम विचारावे, कारण झाडाच्या फांद्या आणि पेट्रोल पंपांचे छत यांनीच सर्वाधिक नुकसान होते. गाडीची उंची एका कागदावर ठळक लिहून चालकासमोर चिकटवावी.

पहिल्या सहलीसाठी कोणता मार्ग सुचवाल?

चार-पाच दिवस असतील तर एस्टीस पार्क या गावी मुक्काम ठेवून रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान पाहावे. एस्टीस पार्क ते ग्रँड लेक हा ट्रेल रिज रोड ४८ मैलांचा असून १२,१८३ फुटांपर्यंत चढतो आणि त्यावर आरव्हीला परवानगी आहे. उन्हाळ्यात उद्यानात प्रवेशासाठी ठरावीक वेळेचे आरक्षण लागू असते, म्हणून निघण्यापूर्वी उद्यानाचे त्या वर्षीचे नियम पाहावेत. जुना फॉल रिव्हर रोड आरव्हीसाठी नाही.

आठ ते दहा दिवस असतील तर दक्षिण कोलोरॅडोचे वर्तुळ घ्यावे. एकूण अंतर साधारण साडेआठशे ते साडेनऊशे मैल भरते. डेन्व्हरहून आंतरराज्य महामार्ग २५ ने दक्षिणेला वॉल्सनबर्गपर्यंत जाऊन तिथून महामार्ग १६० ने पश्चिमेला वळले की ग्रेट सँड ड्यून्स येते. डोंगराच्या पायथ्याशी सातशे फुटांहून उंच वाळूच्या टेकड्या आहेत आणि मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला मेडानो ओढ्यात इतके पाणी असते की मुले दिवसभर त्यातून बाहेर येत नाहीत. उद्यानातील पिनयॉन फ्लॅट्स कॅम्पग्राउंडमध्ये वीजजोडणी नाही, हे लक्षात ठेवावे.

तिथून वुल्फ क्रीक पास, म्हणजे १०,८५७ फुटांचा घाट, ओलांडून पगोसा स्प्रिंग्सच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरून ड्युरँगोला पोहोचावे. ड्युरँगो साडेसहा हजार फुटांवर आहे, गाव मोठे आहे, किराणा आणि दवाखाने आहेत, म्हणून येथे तीन रात्री काढाव्यात. ड्युरँगो ते सिल्व्हरटन ही वाफेची अरुंद मापाची रेल्वे १८८२ पासून अ‍ॅनिमास नदीच्या काठाने धावते. सिल्व्हरटन पाहायचे असेल तर आरव्ही तळावर ठेवून या रेल्वेनेच जावे. सिल्व्हरटन ते उरे हा मिलियन डॉलर हायवे ११,०१८ फुटांच्या रेड माउंटन पासवरून जातो आणि त्याच्या काही भागात कड्याच्या बाजूला कठडाही नाही. तिथे आरव्ही नेण्यास कायद्याने मनाई नाही, पण नवख्या चालकाने ती नेऊ नये, असेच आम्ही प्रत्येकाला सांगतो.

ड्युरँगोहून मेसा व्हर्दे जवळ आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात पूर्वज प्युब्लो या मूळनिवासी लोकांनी कड्यांच्या कपारीत बांधलेली दगडी घरे आहेत. त्यांच्या जवळ नेणाऱ्या मार्गदर्शित फेरीत शिड्या चढाव्या लागतात, तेव्हा गुडघेदुखी असणाऱ्या आजींनी समोरच्या सज्जांवरून पाहावे. तिथूनही वास्तू उत्तम दिसतात. पुढे उत्तरेला जाताना डोलोरेस नदीच्या काठाने लिझर्ड हेड पासवरून रिजवे व मॉन्ट्रोज गाठावे. हाही घाट १०,२२२ फुटांचा आहे, पण रस्ता रुंद आणि वळणे सौम्य आहेत, आणि मिलियन डॉलर हायवे टाळल्याची हळहळ इथले डोंगर पाहून उरत नाही. मॉन्ट्रोजला राहून ब्लॅक कॅन्यनचा दक्षिण काठ पाहावा. २०२५ च्या जुलैतील वणव्यात त्या काठाचा बराच भाग जळाला, त्यामुळे उद्यानाच्या आतील तळ धरण्यापूर्वी त्याची सद्यस्थिती पाहावी. तिथून महामार्ग ५० ने गनिसन, मोनार्क पास आणि सलायडा, आणि मग २८५ ने डेन्व्हर.

घाट चढताना आणि उतरताना काय काळजी घ्यावी?

चढताना गाडी संथ होते, कारण हवा विरळ असल्याने साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के घटते. मोनार्क पासच्या माथ्यावर सुमारे एकतृतीयांश ताकद गेलेली असते. उजव्या मार्गिकेत राहावे, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी आणि मागे वाहने साचली की रुंद जागा पाहून बाजूला घ्यावे.

खरी परीक्षा उतारावर होते. पाच-सहा टन वजनाची गाडी केवळ ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापतात, त्यांची पकड कमी होते आणि चाकांतून जळका वास येऊ लागतो. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच, माथ्यावर असतानाच, खालचा गिअर घालावा. गाडीत टो-हॉल, म्हणजे जड ओझ्यासाठी गिअर सांभाळणारे, बटण असेल तर तेही दाबावे. इंजिनाचा आवाज चढतो आणि नवख्या माणसाला काही तरी बिघडले असे वाटते, परंतु इंजिन गाडीला मागे धरून ठेवत असल्याचा तो आवाज आहे. वेग वाढला की ब्रेक एकदा ठाम दाबून वेग दहा मैलांनी उतरवावा आणि पाय पूर्ण काढून घ्यावा. पायाखाली सतत हलका दाब ठेवणे हेच ब्रेक तापण्याचे कारण असते. वुल्फ क्रीकच्या पश्चिम उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीचे चढते रॅम्प केलेले दिसतील. ते थांबा म्हणून वापरू नयेत.

आई-बाबांना उंचीचा त्रास होईल का?

होऊ शकतो, आणि सगळ्या आखणीत या प्रश्नाला सर्वांत जास्त वजन द्यावे. डेन्व्हर शहर १,६०९ मीटरवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे विमानतळावरून घरी येईपर्यंत आई-बाबा जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर आलेले असतात आणि सहल तिथून वर सुरू होते. आठ हजार फुटांवर झोपल्यावर निरोगी माणसालाही डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे आणि झोपमोड असा त्रास होऊ शकतो.

त्यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे सावकाश चढणे. समुद्रसपाटीवरून येणाऱ्यांनी डेन्व्हरमध्ये किमान दोन रात्री काढाव्यात. दिवसा उंचावर जाऊन यावे, पण झोपायला शक्यतो खाली यावे. रात्री झोपतो ती उंची दिवसा गाठलेल्या उंचीपेक्षा अधिक महत्त्वाची असते. ड्युरँगो आणि मॉन्ट्रोज हे मुक्काम आम्ही सुचवतो ते याच कारणाने. त्या दृष्टीने ग्रेट सँड ड्यून्सचा आठ हजार फुटांवरील मुक्काम लवकर येतो, म्हणून ज्यांच्याबरोबर सत्तरीपुढची मंडळी आहेत त्यांनी तो एकच रात्र ठेवावा किंवा खालच्या अलामोसा गावात राहावे.

हृदयविकार, दमा, फुफ्फुसाचे जुने आजार किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर भारतातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना सहलीतील उंचीचे आकडे दाखवावेत. उंचीच्या त्रासावरील गोळ्याही त्यांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. पहिल्या दोन दिवसांत मद्य टाळावे, पाणी पीत राहावे आणि लक्षणे वाढत असतील तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा चालताना तोल जाणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता ९११ ला फोन करावा आणि खाली उतरावे. आई-बाबांचा प्रवासी वैद्यकीय विमा आधीच्या आजारांना किती लागू होतो, हेही घरीच वाचून ठेवावे.

गाडीत आपला स्वयंपाक जमतो का?

उत्तम जमतो, फक्त कुकर विसरू नये. आठ हजार फुटांवर पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसला उकळते, आणि त्या पाण्यात पातेल्यात ठेवलेली तूरडाळ तासभर रटरटली तरी टणक राहू शकते. कुकरमध्येही आतला दाब घरच्यापेक्षा थोडा कमीच असतो, म्हणून नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्याव्यात आणि डाळ आधी तासभर भिजत घालावी. शिजायला हलकी म्हणून मूगडाळ आणि मसूर बरोबर ठेवावी. राजमा आणि छोले घरून शिजवून, गोठवून आणावेत.

गाडीतील शेगडी गॅसची, दोन किंवा तीन बर्नरची असते. फोडणीचा धूर झाला की धुराचा अलार्म लगेच वाजतो, म्हणून छतावरचा पंखा आधी चालू करून खिडकी उघडावी. तो अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कधीही काढून ठेवू नये. थंडी घालवण्यासाठी शेगडी पेटवून ठेवणे जिवावर बेतू शकते. भारतातून आणलेला मिक्सर २३० व्होल्टचा असतो आणि तो इथल्या १२० व्होल्टवर नीट चालत नाही, तेव्हा खोबऱ्याची व शेंगदाण्याची चटणी, आले-लसणाचे वाटण घरीच करून न्यावे. थालीपिठाची भाजणी, पोहे, मेतकूट आणि भाजलेला रवा बरोबर असला की सकाळची घाई उरत नाही. चालत्या गाडीत कपाटे उघडतात, म्हणून काचेच्या बरण्या नेऊ नयेत.

वीज, पाणी आणि शौचालय यांची व्यवस्था कशी असते?

गाडीत तीन टाक्या असतात: पिण्या-वापरण्याच्या स्वच्छ पाण्याची, आंघोळीच्या व भांड्यांच्या सांडपाण्याची, आणि शौचालयाच्या मैल्याची. शेवटच्या दोन ठरावीक डम्प स्टेशनवरच रिकाम्या कराव्या लागतात. सांडपाणी जमिनीवर सोडू नये. हातमोजे घालून नळी घट्ट बसवावी, आधी मैल्याची टाकी सोडावी आणि नंतर सांडपाण्याची, म्हणजे त्याच पाण्याने नळी धुतली जाते. शौचालयात आरव्हीसाठीचा लवकर विरघळणारा कागदच वापरावा आणि पाणी भरपूर सोडावे. पाणी वाचवण्यासाठी घरच्यांना तिथे हात आखडता घ्यायला सांगितले की टाकीत मैला साचून घट्ट होतो आणि पुढची सगळी कटकट तिथूनच सुरू होते. काटकसर आंघोळीत करावी.

जिथे वीजजोडणी नाही तिथे दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा बॅटरीवर चालतात. मायक्रोवेव्ह आणि एसीला जनरेटर लागतो. जनरेटरच्या वेळा तळावर ठरलेल्या असतात आणि रात्री तो बंदच ठेवावा लागतो. आजोबा झोपताना श्वासाचे यंत्र वापरत असतील तर वीजजोडणी असलेलीच जागा धरावी.

गाडी चालू असताना मुलांनी आत फिरले तर चालते का?

नाही. चालत्या गाडीत प्रत्येकाने पट्टा लावून बसलेच पाहिजे, कुणीही पलंगावर झोपू नये आणि शेगडी पेटवू नये. मुलांची सुरक्षा-आसने पुढे तोंड असलेल्या बैठकीवरच बसवावीत. बाजूला तोंड असलेल्या बैठका त्यांसाठी योग्य नसतात. गाडी धरण्यापूर्वी अशा किती जागा आहेत हे कंपनीला विचारावे, कारण 'सहा जण झोपू शकतात' याचा अर्थ सहा जणांना प्रवासात योग्य जागा आहे असा होत नाही.

अस्वलांची भीती कितपत आहे?

काळ्या अस्वलांचा वावर या भागात आहे आणि ती माणसांपेक्षा अन्नाच्या मागे येतात. बाहेरच्या टेबलावर तेलाचा डबा, कचऱ्याची पिशवी किंवा खरकटे ठेवू नये. सगळे आत घेऊन दारे-खिडक्या बंद कराव्यात. रॉकी माउंटन उद्यानात एल्क या मोठ्या हरणापासून ७५ फूट आणि मूस या त्याहून मोठ्या हरणापासून व अस्वलांपासून १२० फूट दूर राहण्याचा नियम आहे. छायाचित्रासाठी मुलांना एल्कजवळ उभे करण्याचा मोह आवरावा.

खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

जाहिरातीत दिसणारे रोजचे भाडे हा खर्चाचा एक भाग असतो. त्यावर मैलांप्रमाणे आकार, विमा, अंथरूण व भांड्यांचा संच, जनरेटरचे तास आणि कर येतात. सी क्लास गाडी गॅलनला आठ ते दहा मैल देते, म्हणजे नऊशे मैलांना सुमारे शंभर गॅलन पेट्रोल धरावे. कॅम्पग्राउंडचे भाडे वेगळे. उद्यानांच्या वार्षिक पासाचे दर २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी आणि परदेशी पाहुणे यांच्यासाठी वेगवेगळे झाले आहेत, तेव्हा आई-बाबा बरोबर असताना कोणता पास लागू पडेल ते आधीच पाहावे. सगळी बेरीज केल्यावर मोटार आणि हॉटेल यांपेक्षा आरव्ही स्वस्त पडेलच असे नाही. ती पैसे वाचवण्यासाठी घेऊ नये, एकत्र राहण्यासाठी घ्यावी.

फोनचे नेटवर्क मिळते का?

घाटांत आणि उद्यानांत मोठ्या पट्ट्यांत मिळत नाही. नकाशे आधी उतरवून घ्यावेत आणि कागदी नकाशाही ठेवावा. साध्या मोटारीसाठीचा नकाशा पुलांची उंची आणि लांबीच्या मर्यादा दाखवत नाही, म्हणून ज्या रस्त्याने जायचे ते घरीच ठरवून त्याच रस्त्याने जावे.

गाडी परत करताना काय पाहावे?

शेवटची रात्र डेन्व्हरच्या जवळच्याच तळावर काढावी, म्हणजे परतीच्या दिवशी घाट उतरावा लागत नाही. दोन्ही टाक्या तिथेच रिकाम्या कराव्यात, पेट्रोल आणि ठरले असेल तर गॅस भरावा, आणि पेट्रोल भरताना गॅसची मुख्य झडप बंद ठेवावी. गाडी घेताना जसे सर्व बाजूंचे, छताचे व टायरचे चित्रीकरण केले तसेच परत करतानाही करावे. कपाटांचे वरचे कप्पे आणि पलंगाखालच्या पेट्या उघडून पाहाव्यात. आजींची औषधे आणि मुलांचे स्वेटर बहुधा तिथेच राहिलेले असतात.